कंठेरी चिखल्या

उन्हाळा वाढला की उजनी धरणाचं पाणी मागं सरतं आणि बुडालेली माळजमीन पुन्हा उघडी पडते. धरणाकाठच्या भिगवणला आलेल्या सगळ्यांचे डोळे तेव्हा दूरवरच्या रोहित पक्ष्यांकडे. माझेही तिकडेच होते. होडीवाले काका म्हणाले, "लांबचं काय बघताय सर, पायाशी बघा की."

पायाशी एक गोटा पळत होता!

पळाला, थबकला, वाकून काहीतरी टिपलं, पुन्हा पळाला. वीतही न भरणारा देह, वजन चाळीसेक ग्रॅम. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरंशुभ्र, गळ्यात काळी पट्टी आणि डोळ्याभोवती हळदीनं रेखावं तसं पिवळं कडं. ओलीवर आला की एक पाय पुढे टाकून तो थरथरवायचा. चिखलातला किडा हलला रे हलला, की टिपलाच.

1786 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ स्कोपोलीनं या चिखल्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'डुबियस' हा शब्द आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शंकास्पद. हा वेगळा पक्षी, की मोठ्या कंठेरी चिखल्याचंच एक रूप, अशी शंका तेव्हा होती. ती मलाही बरेच दिवस पुरली. मग एकदा तो डोक्यावरून उडाला आणि पंख नीट दिसले. मोठ्याच्या पंखांवर पांढरी पट्टी असते. याचे पंख कोरे होते. माझ्यापुरती शंका फिटली.

ओळख मात्र एप्रिलात झाली. चालता चालता तो समोर कोसळला. एक पंख फरफटत, केविलवाणा ओरडत पुढे सरकू लागला. मी कळवळून त्याच्यामागे निघालो. "थांबा! हलू नका," काका ओरडले. त्यांनी बोट दाखवलं तिथं मला नुसते खडेच दिसले. बऱ्याच वेळानं त्यातले चार खडे वेगळे झाले. उथळ खळग्यात चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली, काळसर ठिपक्यांची. माझ्या बुटापासून हातभर अंतरावर. तेवढ्यात तो 'जखमी' पक्षी भुर्रकन उडाला.

ऊन चढत होतं. अंडी फार वेळ उघडी राहून चालणार नव्हती. आजूबाजूचा प्रत्येक खडा आता मला अंड्यासारखा दिसत होता. मी वळलो आणि आलो तसाच, माझ्याच उमटलेल्या पावलांवर पाऊल ठेवत परत गेलो.

होडीपाशी पोहोचून मागे पाहिलं. तो पळत आला, थबकला, पुन्हा पळाला आणि खड्यांत खडा होऊन बसला.