ताण, पाणी आणि फळ

दीर्घ आजारी माणसाची घरी शुश्रूषा करणाऱ्यांना भेटायला येणारे लोक दोन वाक्ये हटकून ऐकवतात. पहिले, ‘तुमच्या सहनशीलतेची कमाल आहे’ आणि दुसरे, ‘धीर सोडू नका’. दोन्ही सद्भावनेनेच उच्चारलेली असतात. परंतु रात्री तिसऱ्यांदा उठून ओली चादर बदलणाऱ्या माणसाला त्यांचा फारसा आधार वाटत नाही. धीर म्हणजे जणू पेढीतली ठेव, लागेल तशी काढून खर्च करावी, अशी त्यामागची समजूत असते. ठेव सरल्यावर काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

मी पंचाहत्तरीला टेकलेला निवृत्त शिक्षक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझी पत्नी व मी राहतो. तिला स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान होऊन सहा वर्षे झाली. आरंभी ती वस्तू विसरत असे, पुढे माणसे विसरू लागली. आता मी कोण, हेही तिला पुष्कळदा उमगत नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत. प्रार्थनेने तिची स्मृती परत आली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही या सहा वर्षांत श्रद्धेने मला जे दिले, त्याविषयी आपणांशी बोलावेसे वाटते. आपली श्रद्धा निराळी असेल, कदाचित नसेलही. आजारी माणसाच्या उशाशी बसण्याचा अनुभव मात्र आपला आणि माझा एकच आहे.

फळ म्हणजे काय?

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या फळाचे वर्णन आहे. तेथे नऊ गुण सांगितले आहेत, पण ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. या नवांपैकी मधले तीन गुण मराठी पवित्र शास्त्रात सहनशीलता, ममता आणि चांगुलपणा या शब्दांनी आले आहेत. वाईटाविषयी बोलताना पौल ‘कर्मे’ म्हणतो आणि सद्गुणांविषयी बोलताना ‘फळ’ म्हणतो, हा भेद आमच्या मंडळीच्या पाळकांनी एकदा उपासनेत उलगडून दाखवला, तेव्हापासून तो माझ्या मनात घर करून आहे. फळ हुकमाने येत नाही. झाड जगवावे लागते, मुळांशी ओल राखावी लागते, मग ऋतू आला की फळ धरते. ‘आजपासून मी चिडणार नाही’ असा निश्चय करून सहनशीलता अंगी बाणत नाही, हे ज्याने कोणाची शुश्रूषा केली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

रागाचा लांब पल्ला

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. तिच्यात सहनशीलतेसाठी ‘माक्रोथुमिया’ असा शब्द येथे योजला आहे. ‘माक्रोस’ म्हणजे लांब आणि ‘थुमोस’ म्हणजे आवेग, क्रोध. राग येऊन पोहोचायला लागणारा पल्ला लांब असणे, असा त्याचा भाव आहे. राग येतच नाही, असे हा शब्द म्हणत नाही. मला या अर्थाने मोठा दिलासा मिळाला. मनात राग उमटला म्हणून माझी भक्ती खोटी ठरत नाही. तो मनात उमटणे आणि जिभेवर येणे यांतील अंतर वाढवायचे असते.

दिवस कलला की पत्नी अस्वस्थ होते. या आजारात संध्याकाळची अस्वस्थता पुष्कळांना जाणवते. ती मला ‘मास्तर’ म्हणते आणि विचारते, “मास्तर, मला घरी सोडता का?” ‘हेच तुझे घर’ हे उत्तर खरे असले, तरी तिच्या उपयोगाचे नाही, त्याने ती अधिकच घाबरी होते. म्हणून मी तिला माहेरच्या गोष्टी विचारतो. विहीर किती खोल होती, गाई किती होत्या, भाकरी कोण करत असे. ती सांगत जाते, मी दिवे लवकर लावतो, सोलायला शेंगा तिच्यापुढे ठेवतो. तासाभरात तोच प्रश्न दहादा येतो. दहाव्या वेळी तो माझ्यासाठी दहावा असतो, तिच्यासाठी पहिलाच. एवढे ध्यानात ठेवले की पल्ला थोडा लांबतो.

सहनशीलता हा उपचाराचाही भाग आहे. या आजारात पुढे पुढे गिळणे कठीण होते. घाईने भरवलेला घास किंवा पाण्याचा घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. रुग्णाला ताठ बसवावे, लहान घास द्यावा, तो गिळला गेल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा आणि जेवणानंतर लगेच आडवे करू नये, असे आम्हांला डॉक्टरांनी शिकवले. एका वाटी मऊ भाताला कधी पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मी दुसरे काही करीत नाही. घड्याळाकडे पाठ करून बसतो.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. तीन वर्षे फळ न देणारे झाड मालक तोडायला सांगतो, तेव्हा माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पण तो नुसता थांबत नाही. झाडाभोवती खणून खत घालीन, असेही म्हणतो. वाट पाहणाऱ्याच्या हातात कुदळ असते, हे मला त्या माळ्याकडून शिकता आले.

न काचणारे जू

‘ममता’ असे ज्याचे मराठी रूप आहे, त्या ग्रीक शब्दाची मोठी गंमत आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू आपल्या जुवाला ‘सोयीचे’ म्हणतो; ते विशेषण आणि ही ममता यांचे मूळ एकच. शेतकऱ्यांना याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. जू मापाचे नसेल तर बैलाच्या खांद्याला काचते आणि जखम होते. मापाचे असेल तर तेच ओझे तो दिवसभर ओढतो. येशू स्वतः सुतार होता, हेही येथे आठवते.

तेव्हा ममता म्हणजे केवळ मनातला उमाळा नव्हे. आपला हात समोरच्याला काचू नये, याची काळजी म्हणजे ममता. रुग्णाला उठवताना दंड धरून ओढू नये, पाठीमागे हात देऊन उठवावे. अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगावे. आंघोळीचे पाणी आधी आपल्या मनगटावर पाहावे. पुढून बंद उघडणारे कपडे शिवून घ्यावेत, म्हणजे हात पिरगळावे लागत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो.

शब्दही काचतात. आमच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षे झाली. मी तिला नेहमी ‘तू’ म्हणत आलो. पण ज्या दिवशी मी तिला परका वाटतो, त्या दिवशी परक्या पुरुषाच्या तोंडचे ‘तू’ तिला बोचते, ती अंग चोरते. म्हणून अशा दिवशी मी तिला ‘तुम्ही’ म्हणतो. “तुमचा चहा आणलाय, घेता ना?” ती मान डोलावते, पदर सावरते आणि पाहुण्याशी बोलावे तसे अदबीने बोलते. हे उच्चारताना माझ्या आत काय होते, ते आपणांपैकी काहींना सांगण्याची गरज नाही. पण जू तिच्या खांद्यावर आहे. माप तिचे घ्यायचे आहे.

घराबाहेर पडणारा चांगुलपणा

तिसरा गुण चांगुलपणा. तो एका खोलीत मावत नाही. इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स यांचे उदाहरण पाहा. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. मरणासन्न रुग्णांच्या वेदनांकडे वैद्यकाने पाठ फिरवू नये, या तळमळीला त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचे पाठबळ होते. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना उफाळून येण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळांना औषध द्यावे, शरीराच्या वेदनेबरोबर मनाची, नात्यांची व आत्म्याची वेदनाही जाणावी, हा विचार त्यांनी रुजवला. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले.

एवढे मोठे काम आपल्या हातून घडणार नाही. पण त्याच झाडाचे लहान फळ आमच्या दारी दर गुरुवारी येते. आमच्या मंडळीच्या महिला मंडळातील दोघी दुपारी तीन तास पत्नीपाशी बसतात. त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने म्हणू लागल्या की माझे नावही न आठवणारी ही बाई सगळी कडवी शब्द न चुकता म्हणते. शेजारच्या काकू ख्रिस्ती नाहीत. पण गुरुवारी त्यांच्या घरून भाजी-भाकरी आली नाही, असे सहसा होत नाही. त्या तीन तासांत मी झोपतो.

ताण किती आणि पाणी कधी

माझा धाकटा भाऊ डाळिंबाची बाग करतो. बहार धरण्यापूर्वी बागेला ताण देतात, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतात. पाने पिवळी पडून गळू लागतात. मग छाटणी करून खत देतात, पाणी सुरू करतात आणि झाड फुलावर येते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. म्हणून शेजाऱ्याच्या बागेकडे पाहून आपला ताण ठरवता येत नाही. पाणी वेळेवर सुरू केले नाही, तर फळ राहिले बाजूला, झाडच वाळते.

मनावरच्या ओझ्यालाही आपण मराठीत ताणच म्हणतो. दुःखाने माणूस घडतो, असे धार्मिक माणसे सहज बोलून जातात. अर्धेच खरे आहे ते. ताणानंतर पाणी आले, तरच फुलोरा येतो. बायबलमध्ये एलीया संदेष्ट्याची कथा आहे. थकून, हताश होऊन तो रानात एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत येतो, तो त्याला उपदेश करीत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाशी त्याचे बोलणे त्यानंतर, कितीतरी दिवसांनी होते. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ही कथा स्वतःसाठी वाचावी.

तेव्हा आपली जमीन ओळखा. झोप तुटत असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, कारण नसता डोळे भरून येत असतील, तर पाने पिवळी पडू लागली आहेत असे समजा आणि डॉक्टरांना स्वतःविषयीही सांगा. रुग्णाचा रक्तदाब मोजता, त्याच वेळी आपलाही मोजून घ्या. आठवड्यातले काही तास कोणाला तरी मागून घ्या. मागण्यात कमीपणा नाही. मी पहाटे पत्नी उठण्यापूर्वी वीस मिनिटे प्रार्थनेला बसतो. माझ्या मागे हिचे कोण करील, ही चिंता त्या वेळी समोर येऊन बसतेच. तिचे उत्तर मला मिळालेले नाही. मुलाशी बोलून, कागदपत्रे नीट लावून जे करता येते ते केले आहे. उरलेले देवापुढे ठेवतो आणि केवळ आजच्या दिवसापुरते बळ मागतो. सहा वर्षे ते दिवसादिवसाने मिळत आले आहे.

सेवा घेणाऱ्यांसाठी

आपणांपैकी जे आज दुसऱ्याच्या हातून घास घेत आहेत, त्यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले. सेवा करण्यापेक्षा करवून घेणे त्याला जड गेले. ज्यांनी जन्मभर इतरांचे केले, त्यांना ते जडच जाते. पण आपण ओझे आहोत असे म्हणत राहिल्याने ओझे हलके होत नाही. कुठे दुखते, कसे धरलेले सोयीचे वाटते, ते स्पष्ट सांगावे. ‘जा, थोडे पडून घे’ असे मुलाला, सुनेला सांगावे. हीदेखील ममताच आहे आणि ती अंथरुणावरूनही करता येते.

मी हे लिहिले ते मला सगळे साधले म्हणून नव्हे. झाड अजून उभे आहे, एवढेच मी सांगू शकतो. आपण आज एक करा. या आठवड्यात आपल्या मुळांशी पाणी कोण घालू शकेल, त्या एका माणसाचे नाव कागदावर लिहा आणि दिवस मावळण्याआधी त्याला फोन करा.