उंबरठ्यापर्यंत आलेला उपचार

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करीत अकोल्याला जाताना दोन्ही अंगांना कपाशीची आणि तुरीची शेते दिसतात. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही खारट. शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर. पीक बुडाले की साऱ्या घराची झोप उडते. मात्र घरातील वडीलधारी माणसे दवाखान्यात येऊन उदासी बोलून दाखवीत नाहीत. 'अंग दुखते', 'जेवण जात नाही', 'करमत नाही', एवढेच सांगतात.

याच अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबविला गेला. त्याची रचना तीन पायऱ्यांची होती. गावातील प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते लोकांत मिसळून ताणतणाव ओळखीत व पहिला आधार देत; त्रास अधिक असेल तर समुपदेशक भेटत; आजार तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तरीही चौघांपैकी जवळजवळ तिघे मदतीविनाच राहिले, हेही विसरू नये.

या गावांसाठी कोणतेही नवे औषध शोधावे लागले नाही. बदलली ती वाट. रुग्णाने धीर एकवटून शहर गाठावे, अशी वाट न पाहता ओळखीचे माणूसच त्याच्या ओसरीवर येऊन बसले. संस्थेचे खरे सामर्थ्य येथे आहे: ती लाज कमी करते, योग्य दार दाखविते आणि पुन्हा विचारपूस करते.

ही तिसरी गोष्ट घरातही करता येते. ज्येष्ठांची उदासी, निद्रानाश वा अबोला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्व आणि चालू औषधे प्रथम तपासून घ्या. सुरू झालेले उपचार मनानेच थांबवू नका. मरणाची भाषा कानी आली, तर त्या व्यक्तीस एकटे ठेवू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असतो. आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, थकवा तुम्हालाही येतो. तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.