बोटीचं खोकं

आमच्या घरात त्याला ‘बोटीचं खोकं’ म्हणत. इस्त्रीचे कपडे बोटीच्या खोक्यावर ठेव, रेशनकार्ड बोटीच्या खोक्याखाली असेल बघ, असं. आत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्याची पर्वा कुणालाच नव्हती. पुढं पुढं मलाही नव्हती.

मामा बोटीवर होता. मालवणकडच्या घरात एवढं सांगितलं की पुरतं. कुठली कंपनी, कुठला हुद्दा, कोणी विचारत नाही. मामा इंजिनरूममध्ये तेलपाणी बघायचा. पण त्याचा समुद्र त्याआधीचा. दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून तो आजोबांच्या मचव्यावर जायचा, मंगळुरी कौलं भरून आणायला. इंजिन नाही, फक्त शीड आणि वारा. मोटरबोटीवर तीस वर्षं काढूनही तो गोष्टी सांगायचा त्या मचव्याच्याच.

1978 साली सुट्टीवर येताना त्यानं बार्सेलोनाहून माझ्यासाठी हे खोकं आणलं. मी सातवीत. झाकणावर तीन डोलकाठ्यांचं, सगळी शिडं फुगलेलं काळं जहाज, खाली नाव ‘कटी सार्क’. चावी फिरवली की चालणार, अशी माझी खात्री. झाकण काढलं तर आत बोट नव्हतीच. काड्या होत्या. पातळ लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, आकृत्या छापलेले प्लायवुडचे तक्ते, दोऱ्याची रिळं, पितळेचे मण्यांएवढे नांगर, तांब्याच्या नखाएवढ्या पत्र्यांची पुडी आणि आठ घड्यांचे नकाशे, सगळे स्पॅनिशमध्ये. मी रडकुंडीला आलो. मामा म्हणाला, “बोट तुकाच बांधूची हा.” आणि दुसऱ्या दिवशी गावाला निघून गेला.

मी बांधली नाही. आधी स्कॉलरशिप, मग दहावी, मग बँकेची परीक्षा. खोकं मात्र घराला उपयोगी पडत राहिलं. तपकिरी दोऱ्याचं रीळ आईनं मोगऱ्याच्या गजऱ्यांत संपवलं. तिचं म्हणणं, इतका न तुटणारा दोरा बाजारात मिळत नाही. 1981 च्या दिवाळीत बांबूच्या कामट्या तासताना वडिलांचं बोट कापलं, तेव्हा त्यांनी सरळ खोकं उघडून अक्रोडाच्या पट्ट्या घेतल्या, फूट-फूटभर कापल्या आणि आकाशकंदील केला. कल्याणच्या आमच्या चाळीत तो सांगाडा बारा-तेरा वर्षं टिकला. दर दिवाळीला जुना कागद ओरबाडायचा, खळ लावून नवा चिकटवायचा. पुढं प्लॅस्टिकचे कंदील आले आणि सांगाडा माळ्यावर गेला.

26 जुलै 2005 ला उल्हास नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावर गुडघाभर चढलं. खोकं पलंगाखाली होतं. पाणी ओसरल्यावर आईनं पापड वाळवावेत तशा पट्ट्या गच्चीत पसरल्या, वाळल्या तशा पुन्हा बांधल्या आणि नव्या खोक्यात भरल्या. टाकून दे म्हणालो असतो तर टाकल्या असत्या. तेवढंही बोलायला मला वेळ नव्हता.

2024 मध्ये निवृत्त झालो आणि तिसऱ्याच आठवड्यात खोकं काढलं. मोबाइलचा कॅमेरा नकाशावर धरला की स्पॅनिशचं मोडकंतोडकं मराठी होतं, तेवढ्यावर सुरुवात केली.

मॉडेल एकास चौऱ्याऐंशी या प्रमाणात. म्हणजे पुऱ्या उंचीचा खलाशी जेमतेम दोन सेंटिमीटरचा, आणि जहाज टोकापासून टोकापर्यंत मीटरभर. आधी प्लायवुडचा कणा, ज्याला आमच्याकडे पठाण म्हणतात. त्याच्या खाचांत आडव्या चौकटी बसवायच्या, माशाच्या काट्यासारख्या. पुराच्या पाण्यानं माझा पठाण पिळला गेला होता. तो ओला करून आठ दिवस आईच्या पाट्याखाली दाबून ठेवला. सरळ झाला असं वाटलं. पूर्ण झाला नव्हता, ते कळलं चार महिन्यांनी, वरून पाहिल्यावर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, केसभर डावीकडे गेलेली दिसली तेव्हा. पायात राहिलेली चूक वर येते ती दुप्पट होऊन, आणि तोवर काही उकलता येत नाही.

खरी परीक्षा फळ्या बसवण्याची. जहाज मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळतं. मध्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वीस पट्ट्या मावत असतील तर नाळेपाशी तेवढ्या रुंदीच्या बारासुद्धा मावत नाहीत. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून निमुळती करायची. पहिल्या तीन मी न तासता ठोकल्या. चौथी पट्टी तिसरीच्या अंगावर चढली. सगळ्या काढल्या. मग पीव्हीसी पाइपाचा तुकडा एका तोंडानं बंद करून त्यात उकळतं पाणी भरलं आणि पट्ट्या त्यात उभ्या बुडवल्या. वीस मिनिटांनी लाकूड ओल्या चामड्यासारखं होतं. ते बोटांनी नाळेच्या वळणावर दाबायचं, टाचण्या मारायच्या, आणि रात्रभर हात लावायचा नाही. दिवसाला दोन पट्ट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूच्या लावत गेलं तर सांगाडा त्या बाजूला ओढला जातो. पुरात भिजलेल्या पट्ट्यांचं काही बिघडलं नव्हतं. नाहीतरी भिजवायच्याच होत्या.

हे करताना आठवण यायची ती मालवण-वेंगुर्ल्याच्या सुतारांची. मामाच्या गोष्टींतला सुतार वाळूत काठीनं रेघ मारायचा आणि त्यावरून मचवा उभा करायचा. माझ्यापाशी आठ नकाशे. मुंबईच्या जहाजं बांधणाऱ्या वाडियांचंही असंच काही डोक्यात होतं, पण ते तसं नाही. लवजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी मलबारी सागाच्या लढाऊ नौका बांधल्या, त्या इंग्लंडहून आलेल्या नकाशांवरून. त्यातली ‘त्रिंकोमाली’ 1817 मध्ये पाण्यात गेली आणि आज हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे पहिले नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज 1812 च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकनांनी जिंकून जाळलं. नकाशे पुन्हा मागवेपर्यंत मुंबईचे सुतार थांबले. हे वाचून मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

‘कटी सार्क’ची कथाही ऐन वेळी हुकलेल्यांची. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनला ती बांधायला घेतली आणि काम संपायच्या आत बांधणाऱ्या कंपनीचं दिवाळं निघालं; उरलेलं दुसऱ्यांनी पुरं केलं. चीनचा चहा सगळ्यात आधी लंडनला पोचवायचा म्हणून हा आटापिटा. आणि ती पाण्यात उतरली 1869 च्या नोव्हेंबरात, त्याच महिन्यात सुएझ कालवा उघडला. कालव्यातून आगबोटी जायच्या, शिडाच्या जहाजाला आफ्रिकेचा वळसा सुटला नाही. काही वर्षांत चहा गेला, मग ती ऑस्ट्रेलियाची लोकर वाहू लागली आणि तिथं खरी चमकली. खोक्यावरच्या चित्रात यातलं काही नव्हतं.

फळ्या बसत आल्या तशी मोजदाद केली. यादीपेक्षा अक्रोडाच्या अठरा पट्ट्या कमी. दुकानात तसलं लाकूड मिळेना. बायकोला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, “माळ्यावर कंदील आहे की.”

कंदील होता. कोळ्याच्या जाळ्यांत, सुतळीच्या गाठी तशाच. अठराच्या अठरा पट्ट्या, फूट-फूटभराच्या, पुराच्या पाण्याचा थेंबही न लागलेल्या. आधी वाटलं, तुकडे काय कामाचे? मग नकाशा पाहिला. खऱ्या जहाजाच्या फळ्या तरी कुठं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात? तुकड्याला तुकडा जोडूनच जहाज होतं. अखंड पट्टी ही खोकं विकणाऱ्यांची सोय. 2007 च्या मे महिन्यात ग्रीनिचला जपून ठेवलेल्या खऱ्या ‘कटी सार्क’ला आग लागली, तेव्हा तिच्या बऱ्याच फळ्या, डोलकाठ्या, सामान डागडुजीसाठी काढून दुसरीकडे ठेवलेलं होतं. जे जहाजावर नव्हतं ते वाचलं.

कंदिलाच्या पट्ट्या पाण्यात घातल्या तर पाणी लाल झालं. खळ सुटली, घोटीव कागदाचे कपटे वर आले. काही ठिकाणी रंग लाकडात मुरलेला तो गेलाच नाही. सँडपेपरनं घासून निघाला असता. घासला नाही. त्या पट्ट्या मुद्दाम पाणरेषेच्या वर लावल्या, खाली तांब्याच्या पत्र्यांत गडप झाल्या असत्या. नकाशा तिथं काळा रंग द्यायला सांगतो. मी नुसतं पॉलिश केलं.

आता दोऱ्या चालू आहेत. मूळ जहाजावर अकरा मैल दोर होता, म्हणजे कल्याणहून निघालात तर मुंब्र्याच्या पुढं जाल एवढा. माझ्या वाट्याला त्यातला अंशही नाही, तरी चिमटा धरून गाठ मारताना श्वास रोखावा लागतो. आईच्या गजऱ्यांचं रीळ दुसरं आणावं लागलं.

गेल्या रविवारी मामाला व्हिडिओ कॉल लावला. ऐंशी ओलांडली, कानानं कमी, डोळे ठणठणीत. फोन जहाजाभोवती हळूहळू फिरवला. त्याला लाल पट्ट्या दाखवल्या, कंदिलाची गोष्ट सांगितली. तो काही बोलेना. मला वाटलं, भरून आलं असेल. मग म्हणाला, “फुडल्या काठयेकडे ने. जवळ. आणखी जवळ.” नेला.

“ही परबाणाची दोरी खंय बांधलंस रे? अशान परबाण फिरतला कसा? वारो इलो तर शीड फाटतला.”

परबाण म्हणजे शीड टांगायची आडवी काठी. मी नकाशा दाखवला. नकाशात तशीच आहे म्हणालो. त्यानं नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“सोड ती,” म्हणाला. “मी थांबतंय हयच.”

मी फोन डब्याला टेकवून उभा केला आणि चिमटा घेतला.