नावं विसरायची वाट कशाला बघायची?

आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे. जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

सरकारी फॉर्ममध्ये विसरण्याला जागा मिळाली हे चांगलंच. पण घराचा पत्ता विसरेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधी एक टप्पा येतो, डॉक्टर त्याला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात. माणूस बाजारहाट करतो, व्यवहार सांभाळतो, पण स्मरणशक्ती वयाच्या मानाने जास्त घसरलेली असते. हा डिमेन्शिया नव्हे. यातले सगळेच पुढे डिमेन्शियाकडे जात नाहीत, काही जण सुधारतातही.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर एकच गोष्ट दिवसातून चारदा सांगायला लागले. सगळे म्हणाले, वय झालं. मामेभावाने मात्र हट्टाने शहरात नेऊन तपासलं. शंभरातून सात-सात वजा करा म्हटल्यावर मामांनी धडाधड उत्तरं दिली. आयुष्यभर सुट्टे पैसे मोजलेला माणूस! घड्याळ काढून काटेही बरोबर दाखवले. पण आधी सांगितलेले पाच शब्द थोड्या वेळाने विचारले, तर एकही आठवेना.

या चाचण्यांचं काम हेच. स्मरण, लक्ष, भाषा, हिशेब वेगवेगळे मोजायचे आणि त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या माणसांशी ताडून बघायचे. चहा पिताना गप्पांत हे कळत नाही. नुसत्या चाचणीवर निदानही होत नाही. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर उपाय आहेत. म्हणून तर लवकर बघायचं.

मामांनी भानावर असतानाच जमिनीची वाटणी स्वतः केली, मृत्युपत्र केलं. कोर्टाच्या बातम्या देताना मी उलटंच बघतो. अंगठा उठवला तेव्हा म्हातारा शुद्धीवर होता का, यावर वर्षानुवर्षं दावे चालतात.

आता मामी. शाळा तिसरीपर्यंत. बचत गटातल्या प्रत्येकीचा हप्ता तोंडपाठ. पण मामांचाच पेपर त्यांना दिला, तर घड्याळ काढतानाच अडतील आणि धडधाकट बाई 'नापास' ठरेल. यावर आपल्याच देशात उपाय निघालाय. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चाचणी बदलून घेतली गेली. १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. वाक्य लिहा म्हणण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. वाचून डोळे मिटा म्हणण्याऐवजी, मी करतो तसं करा. पुढे आयसीएमआरने भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच केला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. पहिल्या पाचांत मराठी नव्हती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. प्रमाण बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. म्हणजे जिथे शाळा कमी पोचली आणि मानसशास्त्रज्ञ तर पोचलेच नाहीत, तिथे.

मागणी फार मोठी नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी, शुगर बघतात, त्याच वेळी न शिकलेल्यांनाही चालेल अशी दहा मिनिटांची मराठी चाचणी घ्या. शंका आली तर पुढे जिल्ह्याला पाठवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. आपल्या जिल्ह्यात ते भरलेलं आहे का, आठवड्यातून किती दिवस माणूस बसतो, एवढं येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये तालुक्यासकट लिहा. बातमी मी करतो.