आम्ही बाजेवाले

लग्नाचा अल्बम कुणाचाही उघडा. नवरा-नवरी, मामा-मावश्या, आइस्क्रीम खाणारी पोरं, खांबाला टेकून झोपलेले आजोबा, सगळे सापडतील. बँडवाला सापडत नाही. सापडलाच तर कडेला, अर्धा कापलेला. एक लाल बाही, पितळेचं चकाकतं तोंड आणि त्यामागं फुगलेला एक गाल. असे अर्धे गाल आम्ही तालुक्यातल्या किती घरांत ठेवून आलो, त्याची मोजदाद नाही.

आमचं गाव मिरजेपासून एसटीनं तासाभरावर. बँड काढला १९८४ साली. पोटासाठी काढला असं सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं; गरिबी, कष्ट, मग यश, असं काहीतरी जुळून येतं. पण तसं नव्हतं. पोटाला ज्याचा त्याचा धंदा होता. एकाचं कापूस पिंजायचं दुकान, एकाची सायकलची टपरी, दोघे बागवान, एक सूतगिरणीत. मातंग वस्तीतला एक हलगी वाजवणारा आणि कोरव्यांच्यातला एक सनईवाला. असे सातजण, विशीच्या आतबाहेरचे. बँड काढला तो निव्वळ मजेखातर. त्या वर्षी उरुसाच्या संदलला बाहेरगावचा ठरलेला बँड आलाच नाही. आम्ही तेलाचे डबे, हलगी आणि एक सनई घेऊन संदल काढला. लोक हसले, पण शेवटपर्यंत चालत आले. त्या रात्री कुणालाच झोप लागली नाही.

शिकवायला मिळाले ते पोलीस बँडातून निवृत्त झालेले एक चाचा. सगळे त्यांना चाचाच म्हणत, त्यांच्या बायकोसुद्धा. वाद्यं कोल्हापुरातून जुनीच घेतली. युफोनियमवर मेरठचा छाप होता. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्यं घडवणारे कारखाने इंग्रजांच्या काळापासून आहेत, आणि देशभरातल्या वरातींचा आवाज बराचसा तिथूनच निघतो. हे चाचांनी सांगितलं तेव्हा आम्हाला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

रियाज पिंजाऱ्याच्या दुकानात. कापसाच्या ढिगांत आवाज मुरतो, शेजाऱ्यांची ओरड येत नाही. फक्त पिस्टनमध्ये कापूस जाई आणि ट्रम्पेट सर्दी झाल्यासारखं वाजे. नोटेशन चाचांना येई, आम्हाला नाही. टेपवर गाणं लावायचं, थांबवायचं, परत लावायचं. कॅसेट झिजून गायक घोगरा झाला की गाणं बसलं असं समजायचं.

पहिली सुपारी आली तेव्हा तीनच चाली येत होत्या. परण्या मारुतीच्या देवळापर्यंत पोचेतो प्रत्येक चाल चारदा वाजवून झाली. नवऱ्याचा मामा म्हणाला, "आता नवीन काहीतरी होऊ द्या की." चाचांनी शांतपणे सांगितलं, "वहीच बजाव, दुगुन में." तीच चाल दुप्पट वेगात सुरू झाली आणि सगळी वरात नाचायला लागली. मामानं नवऱ्यावरून ओवाळून पाच रुपयांची नोट दिली. ती बरेच दिवस खर्च केली नव्हती.

बँडवाल्याच्या धंद्यात एक गंमत आहे, ती सांगण्याजोगी आहे. 'नागिन' (१९५४) मधल्या पुंगीवर अख्खा देश नाचतो. दातांत रुमाल धरून जमिनीवर लोळणारा एक तरी पाहुणा प्रत्येक वरातीत निघतोच. पण त्या ध्वनिमुद्रणात पुंगी नव्हतीच. संगीत हेमंतकुमारांचं, आणि पुंगीचा आवाज काढला कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर. सोबत हार्मोनियम होती रवींची, ते तेव्हा हेमंतकुमारांचे साहाय्यक. पुढे याच रवींनी 'नीलकमल' (१९६८) मधलं रफीसाहेबांचं बिदाईचं गाणं दिलं आणि 'आदमी सडक का' (१९७७) मधलं दोस्ताच्या लग्नाचंही. म्हणजे वरात निघते रवींवर, लोळते रवींवर आणि रडतेही रवींवरच. २०१२ साली ते गेले, तेव्हा आमच्या सनईवाल्यानं सुपारीच्या मध्येच टोपी काढली. नवऱ्याकडच्यांना वाटलं, उकडत असेल.

घरचा विरोध होताच. "नमाज को बुलाव तो पैर दुखते, बाजा को बुलाव तो रातभर खडे!" हे आमच्यातल्या चौघांनी आपापल्या अम्मीकडून ऐकलेलं आहे, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. बाजेवाल्याला पोरगी कोण देणार, हा मोठा प्रश्न. एकानं सासरवाडीला सांगितलं, वर्दीची नोकरी आहे. ते समजले पोलीस. लग्नानंतर बायकोनं लाल कोट, सोनेरी गोंडे आणि तुऱ्याची टोपी पाहिली. ती म्हणे दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी हसायला लागली आणि अजून आठवण झाली की हसते.

मोहल्ल्याबाहेर मान होता, पण त्याची रीत निराळी. सभांमधून बिस्मिल्लाखाँचं नाव घ्यायचं, काशीच्या देवळात मुसलमानाची शहनाई म्हणून टाळ्या मिळवायच्या, आणि आमचं पान शेवटच्या पंगतीला मांडायचं. खाँसाहेबांना २००१ साली भारतरत्न मिळालं. त्या आनंदात आमचा दर वाढवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. मिरजेला मात्र बरं वाटायचं. तिथं ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीमखाँसाहेबांची कबर आहे; १९३७ साली ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा होते. आम्ही मागच्या बाजूला चपला उशाला घेऊन रात्र रात्र ऐकत पडायचो. सगळं कळत होतं असं नाही. पण तिथं वाद्य हातात असलेल्या माणसाला कुणी "कायकू आया?" विचारत नसे.

मशिदीवरून मिरवणूक जाताना बाजा थांबवायचा की नाही, यावरून या देशात शंभर-सव्वाशे वर्षं डोकी फुटत आली आहेत. आमच्या गावात ती वेळ आली नाही, कारण थांबणारे आम्हीच होतो. मशिदीचा कोपरा आला की क्लॅरनेटवाला हात वर करी. आधी ट्रम्पेट, मग ढोल, शेवटी हलगी. पलीकडच्या पिंपळापर्यंत पाऊणशे पावलं फक्त चपलांचा आवाज. देवळात आरती चालू असली तरी तेच. गणपतीच्या पोरांना ते अंगवळणी पडलं होतं. त्या पाऊणशे पावलांत तंबाखू मळून होई, एवढंच त्याचं महत्त्व. जवळच कडेगावला मोहरमचे उंचच्या उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. आमच्या भागात हे कौतुकाचं नव्हतं, सवयीचं होतं.

मग २००९ आलं. सप्टेंबरात, ऐन गणेशोत्सवात, मिरजेत कमानीवरच्या चित्रावरून दंगल उसळली आणि सांगलीपर्यंत संचारबंदी लागली. आमची सगळी वर्दी ट्रंकेत. पुढच्या वर्षी बाहेरगावच्या एका मंडळाचा माणूस इसार घेऊन आला. नेहमीचाच, चांगला. चहा झाल्यावर खाली बघत म्हणाला, "यंदा जरा वातावरण बघता... मुसलमान पोरं नकोत. बाकीची पाठवा." आम्ही गप्प. आमचा हलगीवाला बोलला. "बाकीची म्हंजे? बाकी काढायला आम्ही काय गणित हाय व्हय?" माणूस ओशाळून हसला. इसार परत केला. त्या गणपतीत दहा दिवस कुणी बाहेर पडलं नाही. दुकानात बसून आम्ही आमच्यासाठीच वाजवलं, कापसाला ऐकवलं.

दुसरीकडून हवा फिरत होतीच. मोहल्ल्यात नवे मौलाना आले. माणूस सज्जन, कुणाच्या दुखण्याखुपण्याला सगळ्यांआधी हजर. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की दारात बँड असेल तिथं ते निकाह पढवणार नाहीत. लग्नात दफ वाजवायला बहुतेक उलेमा मुभा देतात. फुंकीच्या आणि तारांच्या वाद्यांना बरेच जण मनाई सांगतात. आम्ही वाद घातला नाही. घालण्याइतकं इल्म आमच्याजवळ नव्हतं, आणि चिश्ती बुजुर्गांच्या समाची उदाहरणं द्यायला आम्ही काही कव्वाल नव्हतो. आम्ही वरातीत लोळणाऱ्यांचे साथीदार. हळूहळू मुसलमान लग्नांच्या सुपाऱ्या थांबल्या. आमच्यातला बासवाला, सूतगिरणीतला, एका रमजाननंतर म्हणाला, "भाई, मुझे माफ करो." त्यानं बास आणून दुकानात ठेवला. भांडण नाही, अबोला नाही. रोज चहाला येतो. रियाज सुरू झाला की उठतो.

डॉल्बीबद्दल काय लिहायचं? आधी बेंजो पार्टी आली, मग डॉल्बी. छातीत धडधडणाऱ्या आवाजापुढं सात-आठ माणसांची फुंक किती पुरणार? २०२० ची लग्नसराई टाळेबंदीत गेली. पन्नास माणसांत लग्न म्हटल्यावर बँड कोण मोजणार? २०२१ च्या एप्रिलमध्ये तर पंचवीसच माणसं आणि दोनच तास. त्या दोन वर्षांत आम्ही दोघांना दफन केलं आणि एकाला अग्नी दिला. एकालाही खांदा द्यायला सगळे मिळून जाता आलं नाही.

क्लॅरनेटवाल्याच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं २०२३ च्या मे महिन्यात. पोरगी नर्स, नवरा औषधांच्या दुकानात. मौलानांची अट सगळ्यांना माहीत होती आणि ती मोडायची कुणाची इच्छा नव्हती. आमच्यातल्या मुसलमानांची आठ-दहा लग्नं या वीस वर्षांत अशीच झाली होती, दुसऱ्यांच्या लग्नांना रात्रभर वाजवून आपल्या दारात चिडीचूप. पण या वेळी पोरीनंच बापाला विचारलं, "अब्बा, गावातल्या सगळ्या पोरींना तुम्ही वाजवून पाठवलंत. मला मुक्यानं पाठवणार?"

दुकानात तीन रात्री खल झाला. एकजण म्हणाला, लोक काय म्हणतील. दुसरा म्हणाला, लोक चाळीस वर्षं म्हणतायत. बासवाला बसून ऐकत होता. त्याला कुणी विचारलं नाही, तोही बोलला नाही. शेवटी क्लॅरनेटवाला स्वतः मौलानांकडे गेला. काय बोलणं झालं ते त्यानं पुरतं सांगितलं नाही. एवढंच कळलं की निकाह मशिदीत, साधेपणानं, सकाळी. जेवणानंतर मौलाना नेहमीसारखे घरी जातील. आणि संध्याकाळच्या रुखसतीबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

वाद्यं काढायला गेलो तर बास लख्ख घासलेला होता. चिंच आणि राखेचा वास अजून येत होता. दुकानाची दुसरी किल्ली एकाकडेच असते, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी आम्ही उरलेले पाचजण आणि दोघांची पोरं, वर्दी न घालता, घरच्या कपड्यांत, गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो. मशिदीपासून लांब, अस्र आणि मगरिबच्या मधली वेळ धरून. पोरगी बाहेर आली. 'नीलकमल'ची चाल क्लॅरनेटनं उचलायची असते. त्यानं रीड ओठांत धरली आणि नुसती हवा गेली. पुन्हा तेच. क्लॅरनेट चालतं ते ओठांच्या दाबावर. रडणाऱ्याचा ओठ सैल पडतो, मग वाद्य कितीही चांगलं असलं तरी बोलत नाही. ही चाल त्यानं हजारभर तरी लग्नांत डोळा न मिटता वाजवली असेल.

कोरव्यांच्या सनईवाल्यानं ती वरच्यावर उचलली. युफोनियम मागून आला. हलगीवाल्यानं हलगी शेकली होती, पण वाजवली नाही, नुसती छातीशी धरून उभा राहिला. बायका दारात रडत होत्या, समोरच्या गच्चीवर हिंदूंच्या चार-पाच बायका होत्या, त्याही. रस्त्याच्या पलीकडे, सायकलच्या टपरीशी, बासवाला पाठ करून उभा होता.

पोरगी गाडीत बसली. गाडी सुरू होईना. नवऱ्याचे दोस्त बॉनेटला टेकून उभे होते. त्यातला एक पुढं आला, खिशातून रुमाल काढला आणि क्लॅरनेटवाल्याला म्हणाला, "चाचा, एकदा नागिन."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं, रीड नीट बसवली. या वेळी आवाज निघाला.