सल्ला न देणाऱ्या मॅडम

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला एक नवी वस्ती उभी राहू लागली. सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या, बजाजनगर वसलं, रांजणगाव शेणपुंजीत भाड्याच्या खोल्या वाढल्या. मराठवाड्याच्या गावागावांतून आयटीआय नाहीतर पॉलिटेक्निक करून आलेली पोरं मशीनवर उभी राहिली आणि पुढे त्यांच्यातलीच काही सुपरवायझर, इन्चार्ज, मॅनेजर झाली. मशीन कसं चालवायचं हे त्यांना कुणीतरी हाताला धरून शिकवलं होतं. माणसांकडून काम कसं करवून घ्यायचं, हे बहुतेकांना कुणीच शिकवलं नाही.

माझा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच एक. त्याच्या परवानगीने हे लिहिते आहे. नाव मात्र त्याचं, त्याच्या कंपनीचं आणि त्याच्या कोच मॅडमचंही देत नाही.

डिप्लोमा झाल्याबरोबर तो वाळूजच्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर लागला. हात चांगला, डोकं शांत. पाहता पाहता अख्ख्या मशीन शॉपचा इन्चार्ज झाला आणि तिथून त्याचं बिघडायला लागलं. काल अरे-तुरे करणारे मित्र एका दिवसात ‘साहेब’ म्हणू लागले, काहींनी बोलणंच सोडलं. कुणाच्या कामावर याचा भरवसा बसेना. मशीनचे ऑफसेट स्वतः तपासायचा, मापाचं गेज स्वतः लावून बघायचा, सेकंड शिफ्टच्या पहिल्या पीसला हात लावल्याशिवाय कंपनीची बस पकडायचा नाही. रात्री जेवताना फोन पानाशेजारी असायचा. पोराने गणित विचारलं की खेकसायचा. आम्ही शहरातल्या गारखेड्यात एकाच घरात राहतो, वर तो आणि खाली मी, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी शाळेत शिकवते. माणूस थकलेला आहे की अडकलेला, एवढं वर्गात उभं राहून राहून कळायला लागतं. तो अडकला होता.

त्याच सुमारास कंपनीने बढती मिळालेल्या काही जणांना वैयक्तिक कोच द्यायचं ठरवलं. त्याच्या वाट्याला आलेल्या मॅडमनी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात काढली होती आणि रीतसर प्रशिक्षण घेऊन आता त्या हेच काम करत होत्या. पहिली भेट झाली ती भाऊ, त्याचे वरिष्ठ आणि मॅडम अशी तिघांची. काय साधायचं ते तिथे कागदावर आलं: खालच्या लोकांवर काम सोपवता येणं. आणखी एक गोष्ट त्याच कागदावर आली. फी कंपनी भरणार, भेटी झाल्या की नाही तेही तिला कळणार, पण आतलं बोलणं आतच राहणार. ही अट नसती तर भाऊ तोंड उघडता ना, याची मला खात्री आहे. ज्या साहेबाच्या हातात पगारवाढ आहे, त्याच्यापर्यंत आपली भीती पोहोचणार असेल तर ती कोण बोलून दाखवेल?

दोघांच्याच पहिल्या भेटीनंतर तो घरी आला तो वैतागूनच. “ताई, त्या काही सांगतच नाहीत. नुसतं विचारत बसतात.”

काय विचारलं, तेही त्याने सांगितलं. मागच्या आठवड्यात तुम्ही स्वतः केलेली कोणती कामं तुमच्या सुपरवायझरला जमली असती? तो म्हणाला, जवळजवळ सगळीच. मग तुम्ही का केलीत? मी केलं की चूक होत नाही. त्यांच्याकडून झाली तर काय होतं? रिजेक्शन येतं. आणि रिजेक्शन आलं की? यावर तो बराच वेळ गप्प बसला, मॅडमही गप्प बसल्या. शेवटी त्याच्या तोंडून निघालं: लोक म्हणतील, याला उगाच साहेब केलं.

हे वाक्य घरात आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. त्यालाही ते तोपर्यंत माहीत नसावं.

वैयक्तिक कोचिंग म्हणतात ते हेच. त्याची घडण मैदानावर झाली. अमेरिकेतले टेनिस शिक्षक टिमथी गॅलवे यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक १९७४ मध्ये आलं. मनगट असं धर, पाय तसा टाक, या सूचनांनी खेळाडू आणखी आखडतो, हे त्यांना दिसलं होतं. म्हणून ते शिष्याला एवढंच सांगत की, चेंडू जमिनीवर आपटला की ‘बाउन्स’ म्हण आणि रॅकेटला लागला की ‘हिट’ म्हण. लक्ष चेंडूवर गेलं की मनातली टोचणी गप्प होते आणि शरीर आपलं काम करतं. पुढे मोटार शर्यती जिंकलेल्या इंग्लंडच्या जॉन व्हिटमोर यांनी ही रीत कचेऱ्यांमध्ये नेली. १९९२ च्या त्यांच्या पुस्तकाने जगभर पोहोचवलेली चार पायऱ्यांची पद्धत आजही बहुतेक कोच वापरतात: काय हवं आहे, आज प्रत्यक्षात काय चाललं आहे, कोणकोणते मार्ग आहेत आणि त्यांतलं नक्की काय करणार.

आपल्याकडचं सर्वांत ठळक नाव नाशिकच्या भीष्मराज बाम यांचं. पोलीस सेवेतल्या या अधिकाऱ्याने खेळाडूंच्या मनावर काम केलं. नेमबाज अंजली भागवत, बिलियर्ड्सचे गीत सेठी, बॅडमिंटनचे गोपीचंद, क्रिकेटचा राहुल द्रविड ही सगळी मंडळी त्यांच्याकडे गेली. तंत्र शिकवणारे प्रशिक्षक या प्रत्येकाकडे होतेच. ऐन स्पर्धेच्या क्षणी मन कुठे भटकतं आणि ते परत कसं आणायचं, हा बामांचा विषय. त्यासाठी त्यांनी योगशास्त्राचा आणि श्वासाचा आधार घेतला आणि मराठीत त्यावर लिहिलंही. मे २०१७ मध्ये ते गेले. खेळाच्या मैदानाबाहेरच्या मराठी वाचकाला त्यांचं काम अजून पुरेसं माहीत नाही, याची मला खंत वाटते.

आणि प्रश्नोत्तरांची परंपरा शोधायला आमच्या शहराला लांब जायची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद राजाचं नाव आहे, परिसराला भिक्खू नागसेनाचं. ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ म्हणजे या दोघांचा संवाद. त्यात राजा विचारतो, पण रथाच्या सुप्रसिद्ध प्रसंगात नागसेनच उलट विचारू लागतो: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? उत्तर राजाला स्वतःच बोलून दाखवावं लागतं.

मॅडमनी मलाही एकदा बोलावलं, अर्थात भावाला विचारून. जवळची माणसं त्याच्यात काय पाहतात, ते त्यांना ऐकायचं होतं. तो समोरच बसला होता. मी सांगितलं की वडील गेल्यावर आमच्या घरात सगळं त्यानेच उचललं, कुणावर काही टाकण्याची त्याला सवयच नाही. मॅडमनी त्यावर एक शब्दही मत दिलं नाही. त्याच्याकडे वळून विचारलं, “हे ऐकून काय वाटतं?” तो म्हणाला, “घरातलं ठीक होतं. शॉपमधले लोक काही माझी भावंडं नाहीत.” त्यांना त्यांचा पगार मिळतो तो काम करण्याबद्दल, हेही तोच म्हणाला. मी हे त्याला दहा वेळा ऐकवलं असतं तरी त्याने मान डोलावून सोडून दिलं असतं.

तिथून पुढे भेटींमध्ये बोलण्यापेक्षा करून बघण्याला महत्त्व आलं. सेकंड शिफ्टचा पहिला पीस पास करण्याचं काम सुपरवायझरकडे द्यायचं आणि रात्री फोन करायचा नाही, असं त्याने स्वतः ठरवलं. पहिल्या आठवड्यात त्याने तरीही फोन केले. मॅडमनी विचारलं, फोन करून काय कळलं? काहीच नाही, सगळं ठीक होतं. मग फोन कमी झाले.

आणि एके दिवशी चूक झालीच. सुपरवायझरने पास केलेला माल दुसऱ्या दिवशी क्वालिटीने अडवला, सगळा रिवर्कला गेला. पूर्वी भाऊ शॉपमध्ये सर्वांसमोर ओरडला असता. त्या दिवशी त्याने सुपरवायझरला बाजूला बोलावून विचारलं, “तुला काय दिसलं होतं, ते सांग.” सुपरवायझरने गेज आणून दाखवलं. गेज झिजलेलं होतं. त्याने लावून बघितलं तेव्हा पीस बरोबरच दिसत होता, भावाने लावलं असतं तरी बरोबरच दिसला असता. गेज बदललं, तपासणीचं वेळापत्रक ठरलं आणि ते सांभाळायचं काम त्या सुपरवायझरने आपणहून मागून घेतलं. ओरडा झाला असता तर ते गेज आणखी कितीतरी माल बिघडवत तसंच पडून राहिलं असतं.

घरात दिसलेला फरक मी सांगू शकते. फोन पानाशेजारून उठला. पोराचं गणित आता तोच घेतो. जुन्या मित्रांपैकी एकाशी बोलणं पुन्हा सुरू झालं, एक मात्र तुटला तो तुटलाच. कोचिंगने सगळं जुळून येतं असं नाही.

एका भावावरून नियम काढू नये हे मला कळतं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी नोकरीच्या ठिकाणी झालेल्या कोचिंगच्या १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कामगिरी, ताण पेलणं, कामाविषयीचं मत, ठरवलेल्या गोष्टीकडे स्वतःला वळवणं, अशा बाबतींत त्यांना चांगला परिणाम आढळला. म्हणजे उपयोग होतो, पण कुणाला आणि कशासाठी, हे पाहावं लागतं.

हे मी जोर देऊन सांगते, कारण आमच्या ओळखीच्या एका घरात उलटं घडलं. मुलगा महिनोन्‌महिने झोपत नव्हता, जेवत नव्हता, खोलीबाहेर येत नव्हता. घरच्यांनी त्याला भरपूर फी भरून आयुष्य बदलून देणाऱ्या एका शिबिराला पाठवलं. तिथे त्याला मोठ्याने घोषणा द्यायला लावल्या. त्याला गरज डॉक्टरांची होती. शेवटी उपचार सुरू झाले आणि तो सावरला, पण मधले महिने वाया गेले. कोच आजार बरा करत नाही, आणि जो तसं म्हणतो त्याच्यापासून लांब राहावं. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाला आपल्या देशात भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोच म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतो.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा. प्रशिक्षण कुठे घेतलं, प्रत्यक्ष किती तास काम केलं? १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था सर्वांत खालच्या प्रमाणपत्रालाही किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव मागते. बोलणं कुणापर्यंत जाईल, कधी थांबायचं हे आधी ठरेल का, तेही विचारा. पहिल्याच भेटीत समोरचा तुमच्यापेक्षा जास्त बोलत असेल तर दुसरा शोधा. आणि प्रश्न झोपेचा, सततच्या उदासीचा, जगणं नको वाटण्याचा असेल तर कोच शोधत बसू नका. आमच्या शहरात असाल तर घाटी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, किंवा टेलीमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.