विडंबनाचा श्वास : ‘एक्सेल सागा’ आणि तिचा इंग्रजी डब

विडंबनाचे भाषांतर होते का, असा प्रश्न साहित्याच्या वर्गात विचारला की उत्तर बहुधा नकारार्थी येते. कारणही तयार असते. विडंबन मूळ कृतीच्या स्मरणावर जगते. ज्याला मूळ ठाऊक नाही त्याला विडंबन कळत नाही. आणि दुसऱ्या भाषेतल्या वाचकाला मूळ ठाऊक नसतेच. युक्तिवाद तर्काला धरून आहे. तरीही एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेने तो माझ्यापुरता गेली कित्येक वर्षे अडचणीत आणून ठेवला आहे. मालिकेचे नाव ‘एक्सेल सागा’. जपानी येत नसताना, तिच्यातले निम्म्याहून अधिक संदर्भ अपरिचित असताना, मी ती प्रथम इंग्रजी डबमध्ये पाहिली आणि पोट धरधरून हसलो. पुढे जपानी आवाजात, उपशीर्षके वाचत पाहिली आणि पुन्हा हसलो. पण निराळ्या जागी. या दोन हसण्यांमधले अंतर तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मालिका कोशी रिकुदो यांच्या चित्रकथेवर बेतलेली आहे. ती टीव्ही टोकियो वाहिनीवर ऑक्टोबर १९९९ ते मार्च २००० या काळात दाखवली गेली. दिग्दर्शक शिनिची वातानाबे. कथानक सांगण्यासारखे फारसे नाही आणि तेच तिचे कथानक आहे. ‘अ‍ॅक्रॉस’ नावाची एक गुप्त संघटना जग जिंकायला निघाली आहे. तिचा नेता इल पालाझ्झो आणि त्याची आरंभीची एकुलती एक अनुयायी एक्सेल. एकदम जग कसे जिंकणार, म्हणून आधी एक शहर जिंकायचे. एक्सेल पोटासाठी मिळेल ती नोकरी धरते, ती गमावते आणि अखंड बोलत राहते. नेत्याचा संयम संपला की तो शेजारची दोरी ओढतो आणि एक्सेल पायाखालच्या खड्ड्यात जाते. तिच्या जोडीला येणारी हायॅट वाक्याच्या मध्येच रक्त ओकून मरते आणि थोड्या वेळाने काही घडलेच नाही अशा थाटात उठून बसते.

प्रत्येक भाग एकेका प्रकाराची टर उडवतो. कधी विज्ञानकथा, कधी प्रणयाचे व्हिडिओ खेळ, कधी रंगीबेरंगी पोशाखातल्या वीरांचे पथक. सतराव्या भागात तर अमेरिकी अ‍ॅनिमेशनचीच पाळी येते. भागाच्या आरंभी स्वतः रिकुदो (म्हणजे त्यांचे व्यंगचित्र) आपल्या कृतीचे अमुक प्रकारात रूपांतर करायला रीतसर परवानगी देतात. पहिल्या भागात एक्सेलला मिळालेली कामगिरी असते ती याच रिकुदोंना ठार मारण्याची. ‘लेखकाचा मृत्यू’ ही संकल्पना बार्थच्या १९६७च्या निबंधातून शिकवताना ज्यांची दमछाक होते त्यांनी हा भाग जरूर पाहावा. सव्विसावा आणि शेवटचा भाग दूरचित्रवाणीवर दाखवता येऊ नये अशाच बेताने रचला होता. त्याचे शीर्षकच ‘अतिरेक’ या अर्थाचे आहे आणि तो फक्त व्हिडिओवर आला.

आता या सगळ्यात इंग्रजी प्रेक्षकाच्या हाती लागत नाही ते काय, याचा हिशेब मांडू.

पहिली गोष्ट नावांची. मालिकेतले शहर केवळ ‘एफ’ या अक्षराने ओळखले जाते. ते फुकुओका. एक्सेल, हायॅट, इल पालाझ्झो ही तिथल्या हॉटेलांची नावे आहेत. त्यांपैकी इल पालाझ्झो हे १९८९ मधले हॉटेल आल्दो रॉस्सी या इटालियन वास्तुरचनाकाराने घडवलेले. म्हणजे ‘महान इल पालाझ्झो’ असा जयघोष जेव्हा एक्सेल करते, तेव्हा फुकुओकाच्या माणसाला एका इमारतीपुढे लोटांगण घातलेले दिसते. हा विनोद ह्यूस्टनच्या प्रेक्षकाला कळत नाही हे खरेच. पण तो साप्पोरोच्या प्रेक्षकाला तरी कळत असेल का? ‘मुळात’ सगळे समजते आणि भाषांतरात गळते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात मूळ प्रेक्षकवर्गही एकजिनसी नसतो. कोणाच्या वाट्याला हॉटेल येते, कोणाच्या वाट्याला फक्त एक लांबलचक, रुबाबदार परदेशी नाव.

दुसरी गोष्ट मेन्ची या कुत्रीची. एक्सेलने तिला पाळले आहे ते अडीअडचणीचा शिधा म्हणून. जपानीत ‘मेन्ची’ म्हणजे खिमा. ‘मेन्ची-कात्सु’ हे खिम्याचे तळलेले कटलेट तिथे घरोघरी परिचित आहे. तेव्हा नावातच कुत्रीचे भवितव्य लिहिले आहे. गंमत अशी, की हा शब्द जपानीने घेतला इंग्रजीच्या ‘मिन्स’वरून. इंग्रजी शब्द जपानला गेला, तिथल्या उच्चारात मुरला आणि इंग्रजी डबमध्ये परत आला तेव्हा त्याच्या घरच्यांनीच त्याला ओळखले नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जपानीत एक्सेलचा आवाज कोतोनो मित्सुइशी यांचा आहे. ‘सेलर मून’मधली उसागी आणि ‘इव्हान्गेलियन’मधली मिसातो याच आवाजात बोलल्या होत्या. एका पिढीने ज्या आवाजात नायिका ऐकल्या, तोच आवाज इथे नळासारखा भरभरून, ताळतंत्र सोडून वाहतो. विडंबन इथे संहितेत नाही, कंठात आहे. याचे भाषांतर कोणता लेखक कसे करणार? आपल्याकडे गंभीर भूमिकांसाठी गाजलेला नट प्रहसनात उतरला, तर त्याच्या प्रवेशालाच हशा पडतो. परगावच्या प्रेक्षकाला त्या हशाचे कारण सांगता येते, हशा देता येत नाही.

इंग्रजी डब केला तो ह्यूस्टनच्या एडीव्ही फिल्म्स या कंपनीने, जी पुढे २००९ मध्ये बंद पडली. २००२ पासून निघालेल्या त्यांच्या डीव्हीडींवर एक सोय होती. प्रेक्षकाने निवडल्यास चित्र चालू असतानाच पडद्यावर टिपा उमटत. अमुक दृश्य कोणत्या मालिकेवरून, अमुक शब्दाचा अर्थ काय, अमुक सणाला काय करतात. चित्राच्या अंगावर तळटीपा छापण्याचाच हा प्रकार. मी त्या टिपांसह काही भाग पाहिले. माहिती भरपूर मिळाली. हसू मात्र आले नाही. टीप वाचून होईपर्यंत एक्सेल तीन विनोद पुढे गेलेली असते. शिवाय मालिकेचे पूर्ण जपानी नाव स्वतःला ‘हेप्पोको’ प्रायोगिक अ‍ॅनिमेशन म्हणवते. इंग्रजीत त्याचा ‘क्वॅक’, म्हणजे भोंदू, झाला. पण भोंदूपणात फसवणूक आहे, आणि ‘हेप्पोको’त आहे ती नुसती कुचकामी बावळट निरुपयोगिता. आपला ‘टुकार’ हा शब्द तिथे चपखल बसतो. प्रायोगिक रंगभूमीची परंपरा असलेल्या भाषेत ‘टुकार प्रायोगिक’ या शब्दजोडीला किती रंग चढेल, हे मी वेगळे सांगायला नको.

मग टिपांशिवाय, संदर्भांशिवाय, मी पहिल्यांदा हसलो तो कशाला? माझे उत्तर असे, की मी गतीला हसलो.

जपानीत अवयव लहान आणि पुष्कळ. तेवढाच आशय सांगायला इंग्रजीला कमी अक्षरे पुरतात. त्यामुळे पडद्यावरचे तोंड हलत राहते आणि इंग्रजी वाक्य मात्र संपून जाते. डबच्या लेखकाला ही रिकामी जागा भरावी लागते. एरवीच्या गंभीर मालिकांत ही भर म्हणजे लाकडाचा भुसा. ‘एक्सेल सागा’त तीच मुख्य माल ठरते, कारण एक्सेलचा स्वभावच गरजेपेक्षा जास्त बोलण्याचा आहे. दुसरी अडचण वाक्यरचनेची. जपानी क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. तोवर काहीही कबूल न करता वाक्य ताणता येते आणि शेवटच्या शब्दाला सगळे उलटवता येते. मराठी वाचकाला हे निराळे समजावण्याची गरज नाही. आपणही वाक्याची गाठ शेवटीच मारतो. इंग्रजी क्रियापद आधीच येऊन बसते. मग डबमधल्या एक्सेलने केले काय? तिने एका वाक्याची कलाटणी सोडून दिली आणि वाक्यावर वाक्य आदळण्याचा मार्ग धरला. जपानी एक्सेल ताणते आणि सोडते. इंग्रजी एक्सेल धाप लागेपर्यंत धावते. माझी दोन हसणी निराळ्या जागी पडली ती यामुळे.

ही धाव अलंकारिक नव्हती. इंग्रजीत एक्सेलचे काम पहिले तेरा भाग जेसिका काल्वेलो यांनी केले. त्या पट्टीत आणि त्या वेगात बोलण्याचा ताण त्यांच्या स्वरयंत्राला सोसला नाही आणि चौदाव्या भागापासून ती भूमिका लॅरिसा वोल्कॉट यांच्याकडे गेली. (काल्वेलो पुढे पुन्हा कामाला लागल्या, ‘अटॅक ऑन टायटन’मधल्या हांगेचा इंग्रजी आवाज त्यांचाच.) भाषांतराच्या चर्चेत आपण ‘काय गमावले’ हे नेहमी संहितेच्या बाजूने मोजतो. इथे भाषांतर करणाऱ्या व्यक्तीनेच काहीतरी गमावले आणि ते शब्दशः गळ्यातले होते. ते तेरा भाग मी हे कळल्यानंतर पुन्हा पाहिले. विनोद तेच होते; पण आता प्रत्येक किंकाळीमागे एक माणूस श्वास घेताना ऐकू येत होता. हसू थांबले नाही, मात्र ते फुकट राहिले नाही.

तुलनेसाठी याच कंपनीचा २००५ मधला दुसरा डब पाहण्यासारखा आहे. ‘गाक्कोउ नो काइदान’, इंग्रजीत ‘घोस्ट स्टोरीज’, ही २००० साली सुरू झालेली वीस भागांची शाळेतल्या भुतांची साधी मालिका. इंग्रजी डबने पात्रांची नावे, कथानकाचा सांगाडा आणि भुते घालवण्याच्या पद्धती राखल्या. बाकी संवाद जवळजवळ सगळे नव्याने रचले आणि भयकथेचे बेलगाम प्रहसन केले. हा डब अतिशय लोकप्रिय झाला. मीही तो पाहताना हसलो आहे. परंतु संस्कृतात ‘विडंबन’ आणि ‘विडंबना’ हे एकाच कुळातले शब्द, आणि त्यांतल्या दुसऱ्याचा मराठीत ‘विटंबना’ झाला आहे, याची आठवण तिथे होत राहते. विडंबनाला मूळ कृतीशी काही देणेघेणे असते, भांडण का होईना. ‘घोस्ट स्टोरीज’चे मूळ त्या डबला फक्त हलणारी तोंडे पुरवते. त्यातले अमेरिकी राजकारणाचे, धर्माचे, नामवंतांचे टोमणे त्या त्या वर्षांचे होते. आजच्या विद्यार्थ्याला त्यांच्यासाठीही टिपा लागतील. संदर्भ टाकून नवे संदर्भ घालणे, हा संदर्भ जुने होण्यावरचा इलाज नव्हे.

हा प्रश्न मला केवळ परक्या मालिकेपुरता वाटत नाही. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ १९२५ सालची. तिच्यात ज्या काव्यसंकेतांची रेवडी उडवली आहे, ते संकेत आजच्या विद्यार्थ्याला तितकेच परके आहेत जितके मला फुकुओकाचे हॉटेल. भाषा तीच असूनही तिथे भाषांतराची गरज उभी राहिली आहे. आपण वर्गात काय करतो? आधी रविकिरण मंडळ समजावतो, मग मूळ कविता देतो, मग विडंबन वाचतो आणि शेवटी ‘इथे हसायचे’ असे सुचवतो. विद्यार्थी नम्रपणे लिहून घेतात. वर्गातली ती शांतता मला एडीव्हीच्या टिपांची आठवण करून देते. माहिती खरी, क्रम उलटा.

मालिकेलाही हे ठाऊक असावे. तिच्या शेवटच्या गीतात मेन्ची आपले रडगाणे भुंकत, केकाटत गाते आणि शेजारी उभी एक दुभाषी स्त्री तिच्या प्रत्येक ओळीचा अर्थ शांतपणे, सुसंस्कृत भाषेत सांगते. मला खाऊ नका, एवढेच त्या कुत्रीचे म्हणणे. अर्थ संपूर्ण पोचतो आणि कोणी तिला वाचवायला जात नाही. टीपाकारांवर याहून नेमके व्यंग मी पाहिलेले नाही.

म्हणून भाषांतराच्या किंवा विडंबनाच्या अभ्यासक्रमात ही मालिका लावायची झाल्यास माझी सूचना साधी आहे. पहिला भाग आधी इंग्रजीत दाखवावा, टिपा बंद ठेवून. मुले कुठे हसली याची नोंद करावी. मग तोच भाग जपानीत दाखवावा आणि पुन्हा नोंद करावी. टिपा अगदी शेवटी, जेव्हा ‘पण हे होते कशावर?’ असे कोणीतरी आपणहून विचारील तेव्हा. ‘झेंडूची फुले’ मी अलीकडे याच क्रमाने शिकवू लागलो आहे. आधी मोठ्याने, भरधाव, स्पष्टीकरणाविना वाचून दाखवतो. दर वेळी हशा पिकतो असे नाही. पण तास संपल्यावर मूळ कवितांची चौकशी करायला दोघे-तिघे थांबतात, आणि त्या विस्मृतीत गेलेल्या कवितांनाही वाचक मिळतो.